कोल्हापूरच्या हवेत ब्लो-ड्राय: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ब्लो-ड्राय म्हणजे नुकतेच धुतलेले केस ड्रायरच्या गरम हवेने आणि ब्रशच्या ताणाने वाळवत असतानाच त्यांना हवा तो आकार देणे. केस मुळाशी किंचित उचललेले, मध्ये सरळ आणि टोकांशी आत किंवा बाहेर वळलेले दिसावेत एवढीच त्यातून अपेक्षा असते, आणि पुन्हा केस धुतले की तो आकार पूर्णपणे निघून जातो. पार्लरच्या दरपत्रकावर मात्र याच्याच खालोखाल स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन अशी नावे असतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीचा तिथेच गोंधळ होतो. ते सगळे रासायनिक उपचार आहेत, त्यांचा परिणाम कित्येक आठवडे किंवा महिने राहतो आणि त्यांचा निर्णय घाईघाईत घेण्यासारखा नसतो. त्यांतल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, तर ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेली द्रावणे वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ हे नावही याच रासायनिक गटातले आहे. त्यामुळे खुर्चीत बसण्यापूर्वी ‘फक्त हेअर वॉश आणि ब्लो-ड्राय’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

केसाचा आकार बदलतो तो कसा

हे समजून घेतले की पुढच्या बहुतेक पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना प्रामुख्याने दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. डायसल्फाइड बंध पक्के असतात, पाण्याने किंवा साध्या उष्णतेने ते हलत नाहीत, आणि स्ट्रेटनिंगची रसायने त्यांच्यावरच काम करतात. दुसरे हायड्रोजन बंध कच्चे असतात, ते केस ओला झाला की सुटतात आणि वाळला की नव्याने जुळतात. केस वाळत असताना तो ज्या स्थितीत धरलेला असेल त्याच स्थितीत हे बंध पुन्हा बसतात. रात्री ओल्या केसांनीच झोपलेल्या माणसाचे केस सकाळी एका बाजूला चेपलेले दिसतात त्याचे कारण हेच, आणि ब्लो-ड्रायमध्ये आपण तीच गोष्ट जाणीवपूर्वक करून घेतो.

यातून दोन नियम आपोआप निघतात. केस आत कुठेतरी थोडा जरी ओला राहिला तरी त्या भागातले बंध अजून सुटेच असतात आणि घराबाहेर पडल्यावर अर्ध्या तासात तो भाग आपल्या मूळ वळणावर जातो. त्याचप्रमाणे वाळलेला पण गरम असलेला केस अजून मऊ असतो, त्यामुळे तो त्याच आकारात धरून थंड होऊ द्यावा लागतो. ब्लो-ड्राय टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचे या दोहोंपैकी एका ठिकाणी चुकलेले असते, आणि त्या मात्र महागडे सीरम बदलत बसतात.

गोल ब्रश आणि हातातला ड्रायर एकत्र वापरण्याची ही रीत फार जुनी नाही. १९६२ च्या सुमारास लंडनच्या मेफेअर भागातील केशरचनाकार रोझ इव्हान्स्की यांनी एका पुरुषांच्या सलूनमध्ये न्हाव्याला ब्रशने ग्राहकाचे पुढचे केस ओढत ड्रायरने वाळवताना पाहिले आणि तोच प्रकार आपल्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या केसांवर करून पाहिला. तोवर रोलर लावून डोक्यावर टोपासारखा मोठा ड्रायर घेऊन बराच वेळ बसून राहण्याची पद्धत होती.

कोल्हापुरात दिवस कसा निवडावा

हवेतील बाष्प हा ब्लो-ड्रायचा खरा शत्रू आहे, कारण तेही पाणीच असते आणि केसात शिरून हायड्रोजन बंध हळूहळू सोडवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत कोल्हापुरात नीट केलेला ब्लो-ड्राय तीन-चार दिवस सहज राहतो. उन्हाळ्यात दिवसभर हवा कोरडी असली तरी घामाने मुळे ओली होतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून आले की वळीव कधी गाठेल याचा भरवसा नसतो. जून ते सप्टेंबर या काळात मात्र अपेक्षा कमी ठेवलेली बरी. गगनबावड्याकडून येणारी पावसाची झड चार-चार दिवस थांबत नाही, वाळत घातलेले कपडे घरात दमट राहतात, तिथे केस वेगळे कसे वागतील? पावसाळ्यात एक दिवस, फार तर दीड दिवस हाती लागतो असे धरून चालावे आणि ज्या दिवशी कार्यक्रम आहे त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी केस करून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांतून हटकून आडवी येते, ती म्हणजे सणावाराची डोक्यावरून अंघोळ. शुक्रवारी संध्याकाळी पार्लरमध्ये पैसे खर्च करून यायचे आणि शनिवारी सकाळी घरात पूजा आहे म्हणून केस धुवायचे, यात काहीच अर्थ नाही. दिनदर्शिका पाहून ती अंघोळ आणि ब्लो-ड्रायसाठीचे केस धुणे एकाच वेळी येईल असे आखावे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला किंवा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीला जायचे असेल तर त्याआधी ब्लो-ड्राय करूच नये. तिथे गुलाल केसांत बसणारच, आणि त्या दिवशी डोक्याला थोडे तेल लावून घट्ट वेणी घालणे हेच शहाणपणाचे. गुलाल बसलाच तर आधी अंगणात उभे राहून कोरडे केस झटकून विंचरावेत आणि मग पाणी घालावे, नाहीतर रंग डोक्याच्या त्वचेवर पसरतो.

साहित्य आणि विजेची जोडणी

ड्रायर १२०० वॅटचा असला तरी काम होते, फक्त दाट आणि कमरेपर्यंतच्या केसांना फार वेळ लागतो. अशा केसांसाठी १६०० ते २००० वॅटचा घ्यावा. घेताना उष्णता आणि वाऱ्याचा वेग यांची बटणे वेगवेगळी आहेत का, थंड हवेचे बटण आहे का आणि सोबत चपट्या तोंडाचे नोझल मिळते का, एवढे पाहावे. मला विचाराल तर चकचकीत डब्यावरच्या इतर दाव्यांपेक्षा या तीन गोष्टींना जास्त किंमत आहे. नोझलशिवाय हवा चहूकडे फाकते आणि केस पिंजारतात.

विजेचा हिशेब पुष्कळ जण करत नाहीत. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो, त्यावर २००० वॅटचा ड्रायर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. आरशाशेजारचे लहान सॉकेट बहुधा ६ अँपिअरचे असते. त्यावर असा ड्रायर रोज चालवला तर सॉकेट तापते, काळे पडते आणि एक दिवस वितळते. मोठ्या ड्रायरसाठी गीझरला वापरतात तसे १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे, साधा एक्स्टेंशन बोर्ड टाळावा आणि न्हाणीघरात, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ड्रायर कधीच चालवू नये. ड्रायरच्या मागच्या जाळीत केस आणि धूळ अडकते, ती जुन्या टूथब्रशने महिन्यातून एकदा साफ करावी. ती तुंबली की ड्रायर तापून मध्येच बंद पडतो आणि लोकांना वाटते की मशीन बिघडले.

ब्रशची निवड केसांच्या लांबीवरून करावी. केस ब्रशभोवती साधारण दीड ते दोन वेढे बसतील इतका त्याचा व्यास असला की टोकांना चांगले वळण येते. मानेपर्यंतच्या केसांना २५ मिलिमीटरच्या आसपासचा, खांद्यापर्यंतच्या केसांना ३२ ते ४३ मिलिमीटरचा आणि त्याहून लांब केसांना ५० मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा ब्रश बरा पडतो. लहान ब्रशमध्ये लांब केस गुंतले तर कात्रीनेच सोडवण्याची पाळी येते, म्हणून नवख्यांनी शंका असेल तेव्हा मोठाच ब्रश घ्यावा. धातूची किंवा सिरॅमिकची नळी असलेला ब्रश स्वतःही तापतो आणि काम लवकर होते, पण हात बसेपर्यंत त्याने मानेला व कानाला चटके बसतात. पहिल्या महिन्यात सपाट रुंद पॅडल ब्रशवर सराव करून मग गोल ब्रशकडे वळले तरी काही बिघडत नाही. याखेरीज चार मोठे क्लिप, निमुळत्या दांड्याचा म्हणजे शेपटीचा कंगवा, उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम आणि पातळ केस असतील तर थोडा मूस (उठाव देणारा फेस), एवढे पुरे. हे साहित्य महाद्वार रोडवरील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत आणि राजारामपुरीत मिळते. ब्रश मात्र हातात घेऊन, त्याचे दाते तळहातावर टोचून पाहूनच घ्यावा.

पहिली पायरी: केस धुणे

निम्मे काम न्हाणीघरातच ठरते. आदल्या रात्री तेल लावले असेल तर शाम्पू दोनदा करावा लागतो, कारण मुळाशी तेलाचा थोडा अंश राहिला तरी केस उचलले जात नाहीत आणि दुपारपर्यंत चिकट दिसू लागतात. पहिला शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेवर बोटांच्या पेरांनी चोळावा आणि टोकांवरून त्याचा फेस नुसता वाहू द्यावा. कंडिशनर कानांच्या खालच्या लांबीलाच लावावा, मुळांना नको. शिकेकाईने धुतलेले केस स्वच्छ होतात यात शंका नाही, परंतु ते खरबरीत राहतात आणि ब्रश त्यातून सरकत नाही. म्हणून ब्लो-ड्रायच्या दिवशी शिकेकाई वापरायचीच असेल तर नंतर कंडिशनर चुकवू नये.

पाणी कोणते आहे याकडेही लक्ष द्यावे. महापालिकेच्या नळाला नदी-धरणाचे पाणी येते, पण उपनगरांतील अनेक अपार्टमेंटच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळलेले असते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यात शाम्पूला फेस कमी येतो आणि केसांवर क्षारांचा थर बसून ते निस्तेज व ताठर होतात. अशा घरात निदान शेवटचे पाणी तरी नळाचे किंवा फिल्टरचे घ्यावे, आणि महिन्यातून एकदा ईडीटीए हे रसायन असलेला, क्षार काढणारा शाम्पू वापरावा. शेवटचे पाणी कोमट ते गार असावे, गीझरचे कढत पाणी डोक्यावर घेऊ नये.

दुसरी पायरी: पाणी टिपणे आणि नुसतेच वाळवणे

ओला केस ताणला की जास्त लांबतो आणि कोरड्या केसापेक्षा लवकर तुटतो. टॉवेलने खसाखसा पुसण्याची किंवा केस झटकून फटाफट आपटण्याची आपल्याकडची सवय यासाठी सोडायला हवी. जुना मऊ सुती टी-शर्ट किंवा पंचा घेऊन केस मुठीत धरून पाणी दाबून टिपावे. नंतर रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून सुरुवात करून हळूहळू वर जात गुंता काढावा. उष्णतारोधक स्प्रे याच वेळी, कानापासून टोकापर्यंत लावावा. यातील सिलिकोन केसावर पातळ थर बनवून उष्णता हळूहळू आत पोहोचू देते, पण त्याने केस अग्निरोधक होत नाहीत. खांद्यापर्यंतच्या केसांना त्याचे दोन-तीन फवारे बस्स होतात.

आता नोझल न लावता, मान थोडी खाली घालून, बोटांनी मुळे उचलत केस ७० ते ८० टक्के वाळेपर्यंत ड्रायर फिरवावा. ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे नवखे लोक तीच गाळतात आणि ओल्याचिंब केसांवरच गोल ब्रश चालवायला घेतात. त्यात हात दुखतात, वेळ दुप्पट लागतो आणि केसाचे नुकसानही होते, कारण ओल्या केसाला जवळून फार उष्णता दिली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात आणि त्या ठिकाणी केस मोडतो. केस हाताला गार आणि दमट लागावेत, पण त्यातून पाण्याचा थेंब पडू नये, अशा अवस्थेत थांबावे.

ड्रायर किती लांब धरायचा याचे उत्तर मोजमापाने देता येते. दक्षिण कोरियातील त्वचारोग संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ सेंटिमीटर अंतरावर केसाचे तापमान ४७ अंश सेल्सिअस, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश होते, आणि तापमान वाढेल तसे केसाच्या पृष्ठभागाचे नुकसान वाढत गेले. त्याच अभ्यासात असेही दिसले की नुसते आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या पेशींमधील आवरणाला, बराच वेळ पाण्यात राहिल्यामुळे, इजा झाली होती. त्यामुळे १५ सेंटिमीटर अंतर ठेवून सतत हलता ठेवलेला ड्रायर हाच एकंदरीत बरा मार्ग, असा त्यांचा निष्कर्ष होता. १५ सेंटिमीटर म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतल्या लहान पट्टीची लांबी. सुरुवातीला एकदा ती पट्टी लावून अंतर डोळ्यात बसवून घ्यावे.

तिसरी पायरी: भाग पाडणे आणि ब्रश चालवणे

शेपटीच्या कंगव्याने केसांचे चार मोठे भाग पाडावेत: मानेवरचा, दोन्ही कानांच्या वरचे दोन आणि टाळूपासून कपाळापर्यंतचा. मानेवरचा सोडून बाकीचे क्लिपने वर बांधून टाकावेत. सुरुवात नेहमी मानेपासून करावी, कारण वरून सुरुवात केली तर खालच्या ओल्या केसांची वाफ वर केलेले सगळे काम उतरवते. एका वेळी घेतलेली बट ब्रशच्या लांबीपेक्षा रुंद नसावी आणि तिच्यातून पलीकडचा ब्रश अंधूक दिसावा इतकी पातळ असावी. जाड बट घेतली की वरचा थर करपतो आणि आतला ओला राहतो.

ड्रायरला नोझल लावावे. ब्रश बटेच्या खालून मुळाशी लावावा, केस ताठ होतील एवढा ताण द्यावा आणि ब्रश टोकाकडे सावकाश ओढत नेताना ड्रायर त्याच्या पाठोपाठ, वरून खालच्या दिशेने न्यावा. केसाच्या पृष्ठभागावर खवल्यांसारखी आवरणे असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात. हवा मुळाकडून टोकाकडे वाहिली की ती आवरणे सपाट बसतात आणि केसांना चमक येते, उलट दिशेने वाहिली की ती उभी राहून केस पिंजल्यासारखे दिसतात. नवख्या हाताची बहुतेक फसगत या एका दिशेत असते: डावा हात आरशात उलटा दिसतो, मनगट वळते आणि नोझलचे तोंड नकळत वर जाते. म्हणून पहिले काही दिवस ड्रायर बंद ठेवून नुसत्या हालचालीचा सराव करावा. हे हास्यास्पद वाटते खरे, पण हात लवकर बसतो. उजव्या बाजूचे केस करताना ब्रश उजव्या हातात आणि डाव्या बाजूचे करताना डाव्या हातात घेतला तर मनगटाला पीळ पडत नाही.

बट पूर्ण वाळली की टोके ब्रशवर गुंडाळावीत, आत वळण हवे असेल तर आतल्या बाजूने आणि बाहेर हवे असेल तर बाहेरच्या बाजूने. पाच-सात सेकंद गरम हवा द्यावी, लगेच थंड हवेचे बटण दाबून दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि मगच ब्रश उलटा फिरवत सोडवावा, ओढून काढू नये. ड्रायरला थंड बटण नसेल तर गरम हवा बंद करून बट बोटावर गुंडाळून क्लिप लावून ठेवावी आणि पुढच्या बटेकडे जावे. टाळूवरच्या केसांना उठाव हवा असेल तर ते उलट्या दिशेने, म्हणजे चेहऱ्याकडे ओढून वाळवावेत आणि गरम असतानाच मोठा वेल्क्रो रोलर लावून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. चहा घ्यायला हीच वेळ चांगली. कपाळावरच्या लहान केसांना सगळ्यात आधी वाळवावे लागते, ही या क्रमातली एकुलती एक सूट आहे, कारण ते सर्वांत लवकर आपोआप वाळतात आणि वाळताना जे वळण घेतील ते मग सोडत नाहीत.

सर्व केस पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये, विंचरू नये, भांग बदलू नये. शेवटी सीरमचे दोन थेंब तळहातांवर चोळून फक्त टोकांवरून हात फिरवावा.

पार्लरमध्ये करून घ्यायचे असल्यास

पहिल्या एक-दोन वेळा पार्लरमध्ये करून घेऊन पाहणे मी सुचवेन, कारण आरशातून दुसऱ्याच्या हाताची हालचाल पाहिली की वर लिहिलेले पटकन उमगते. दर केसांच्या लांबीप्रमाणे बदलतो, म्हणून हेअर वॉश त्यात धरला आहे का आणि लांब केसांचे वेगळे पैसे पडतात का, हे आधी विचारून घ्यावे. काय हवे ते नेमके सांगावे: ‘ताई, मुळांना उठाव द्या, टोके इन-कर्ल ठेवा आणि स्ट्रेटनर फिरवू नका.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. लग्नसराईच्या गर्दीत काही ठिकाणी ब्रशचे काम अर्ध्यावर सोडून वरून स्ट्रेटनिंगची इस्त्री फिरवतात. केस क्षणभर छान दिसतात, पण मुळे बसून जातात आणि केसांवर गरज नसलेली उष्णता पडते. ब्रश धुतलेला आहे का हे पाहावे, किंवा संकोच न करता स्वतःचा न्यावा. उवांच्या भीतीने एवढी काळजी घेणे कोणाला अपमानास्पद वाटू नये. समोरून बटणे असलेला शर्ट किंवा कुर्ता घालून जावे, म्हणजे नंतर साडी नेसताना डोक्यावरून काही काढावे लागत नाही.

सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे पार्लर गाठण्याच्या खटपटीपेक्षा आदल्या संध्याकाळी ब्लो-ड्राय करून रात्र सांभाळणे सोपे जाते. गजरा माळायचा असेल तर फुलवालीने त्यावर मारलेले पाणी आधी झटकून टाकावे आणि तो टाळूवर न लावता अर्ध्या बांधलेल्या केसांच्या गाठीखाली माळावा, म्हणजे ओल आणि वजन उठावावर येत नाही.

टिकवण्याची काळजी

रात्री झोपताना सगळे केस वर गोळा करून टाळूच्या जवळ सैलसर अंबाडा घालावा आणि तो रबराने न बांधता कापडी स्क्रंचीने एकच वेढा देऊन बांधावा. उशीला सॅटिनचा अभ्रा घातला तर केस घासले जात नाहीत. घरात जुनी रेशमी साडी असेल तर तिच्या पदराचा तुकडा उशीवर अंथरूनही तेच काम होते. रोजच्या अंघोळीला शॉवर कॅप घालावी आणि अंघोळ झाल्यावर लगेच न्हाणीघरातून बाहेर यावे, कारण बंद न्हाणीघरातली वाफ पावसाळी हवेइतकीच वाईट. मटणाला फोडणी घालायची असेल त्या दिवशी केसांवर सुती ओढणी बांधून मगच स्वयंपाकघरात शिरावे, कारण तांबड्या रश्श्याचा वास केसांतून शाम्पूशिवाय जात नाही.

कोल्हापुरात दुचाकीशिवाय पान हलत नाही, तेव्हा हेल्मेटचा प्रश्न टाळता येत नाही. हेल्मेट घालणे सोडणे हा पर्याय अर्थातच नाही. निघण्यापूर्वी केस पूर्ण थंड झालेले असावेत, कारण गरम केसांवर हेल्मेट घातले तर त्याचाच आकार बसतो. पुढचे केस मागे न दाबता भांगाच्या विरुद्ध बाजूला टाकावेत, डोक्यावर सॅटिनचा किंवा तलम सुती रुमाल सैल बांधावा आणि वर हेल्मेट घालावे. मागचे केस सैल वेणीत घालून जॅकेटच्या आत ठेवले तर धूळ आणि वारा यांपासून ते वाचतात. पोहोचल्यावर मान खाली घालून बोटांनी मुळे हलवावीत आणि दोन मिनिटे केसांना हवा लागू द्यावी. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला जाणार असाल तर तिथल्या वाऱ्यापुढे कोणत्याही सीरमचे काही चालत नाही, क्लिप सोबत ठेवावा.

दुसऱ्या दिवशी मुळाशी तेलकटपणा दिसू लागतो. ड्राय शाम्पूमधील स्टार्च ते तेल शोषून घेतो. तो २० ते २५ सेंटिमीटरवरून फक्त मुळांवर फवारावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग चोळून विंचरावे. काळ्या केसांवर पांढरट छटा राहिली तर ती ड्रायरच्या थंड हवेने उडते. रात्री झोपण्यापूर्वी मारला तर सकाळपर्यंत त्याचा परिणाम जास्त चांगला दिसतो. एखादी बट वाकडी झाली असेल तर सगळे डोके ओले करण्याची गरज नाही. तेवढीच बट ओल्या बोटांनी दमट करून ब्रशवर घ्यावी, वाळवावी आणि थंड करावी. तिसऱ्या दिवशी उठाव गेलेला असेल तर अर्धे केस बांधावेत, चौथ्या दिवशी वेणी. या काळात केसांना तेल अजिबात लावू नये, टोके फार कोरडी वाटली तर सीरमचा एक थेंब पुरतो.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा यापेक्षा अधिक वेळा ब्लो-ड्राय करू नये. मधल्या एखाद्या आठवड्यात पूर्ण विश्रांती देऊन, रात्री खोबरेल तेल लावून सकाळी धुऊन केस आपोआप वाळू द्यावेत. विंचरताना आखूड तुकडे पडू लागले, टोकांशी पांढरे ठिपके दिसू लागले किंवा ओला केस रबरासारखा ताणला जाऊ लागला तर ड्रायर कपाटात ठेवावा आणि टोके कापून घ्यावीत, कारण दुभंगलेले टोक कोणत्याही क्रीमने जुळत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी बोटाच्या रुंदीइतकी टोके कापली तरी लांबी फारशी हटत नाही. केस मुळासकट गळत असतील, डोक्याच्या त्वचेला खाज किंवा जळजळ होत असेल तर मात्र प्रश्न ब्लो-ड्रायचा राहत नाही. अशा वेळी पार्लरचा सल्ला न घेता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि तोवर गरम हवा पूर्ण बंद ठेवावी.